तिकीट वसूल, पण लेकरू सलाईनवर!

मे महिन्याची सुट्टी लागली की वस्तीतल्या पोरांचा एकच धोशा सुरू होतो, "आम्हाला कुठेतरी न्या!" पूर्वी हे "कुठेतरी" म्हणजे गाव, मामाचे घर, फार तर राणीची बाग. पुढे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. मोठ्या शहरांच्या आसपास वॉटर पार्क निघाले. टीव्हीवर आणि मोबाईलवर पोरांनी ते पाहिले. आता बागेतल्या घसरगुंडीवर त्यांचे समाधान होत नाही.

ही हौस वाईट, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्या आईबापांनी स्वतःच्या लहानपणी जत्रेतला पाळणासुद्धा लांबूनच पाहिला, त्यांच्या लेकरांनी एक दिवस मनसोक्त हुंदडावे, यात आनंदच आहे. तक्रार आहे ती सहलीनंतरच्या आठवड्याची. सोमवारी निम्मी वस्ती दवाखान्यात. कुणाला जुलाब, कुणाला ताप, कुणाचे डोळे आलेले, कुणाचा कान ठणकतोय. "बाहेर गेलो की असे व्हायचेच," म्हणून आपण सोडून देतो. पण हे व्हायचेच असते असे नाही. यातले बरेचसे टाळता येते, हे आम्ही एका चुकीतून शिकलो. ती चूक आमचीच होती, म्हणून ती आधी सांगतो.

एका सहलीची गोष्ट

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या वस्तीतील चव्वेचाळीस जणांची सहल आम्ही एका पार्कला नेली. पार्क कोणता, याला महत्त्व नाही. जे घडले ते कुठेही घडले असते. समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. तिकीट आणि बसभाडे मिळून माणशी बाराशे रुपये ठरले. हिशेबाची वही आमच्याकडे होती. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे शिस्त जरा जास्तच. बैठकीत आम्ही बजावून सांगितले, "ऐनवेळी कुणी गळाले तर पैसे परत मिळणार नाहीत. नंतर तक्रार चालणार नाही."

पहाटे पाचला बस निघाली. घरकाम करणाऱ्या एक ताई आपल्या दोन मुलींना घेऊन आल्या होत्या. धाकटी चौथीतली. नेहमी किलबिल करणारी ती पोर बसमध्ये आईच्या मांडीवर डोके ठेवून गप्प पडून होती. आम्ही विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, "झोप झाली नाही हो भाऊ तिची." आम्हीही पुढे गेलो.

दुपारी दीडच्या सुमारास पत्र्याच्या शेडखाली रांगेत उभी असताना ती पोर ओकली आणि खालीच बसली. हातपाय गार पडलेले, ओठ सुकलेले, हाक मारली तर नुसती बघत होती. पार्कच्या प्रथमोपचार खोलीतल्या नर्सबाईंनी तिला आडवे केले, ओले फडके लावले आणि लगेच दवाखान्यात न्यायला सांगितले. रात्रभर सलाईन लावावे लागले. पोर वाचली, आज ती व्यवस्थित शाळेत जाते. पण ती रात्र आम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर बसून काढली, ती विसरणे शक्य नाही.

डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा ताईंनी सांगितले, आदल्या रात्रीपासूनच पोरीला ताप होता. पहाटे तापाची गोळी देऊन तिला बसमध्ये बसवले होते. सकाळपासून पोटात अन्न नाही, मळमळेल म्हणून पाणीही दिले नाही, आणि वरून मे महिन्याचे ऊन. आम्ही जरा रागानेच म्हणालो, "ताई, घरी ठेवायचे ना तिला!" त्या म्हणाल्या, "भाऊ, तीन तिकिटांचे पैसे दोन महिने साठवले. तुम्हीच म्हणाला होतात ना, परत मिळणार नाहीत."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हिशेब नेमका कुठे चुकतो?

आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा एक साधी गोष्ट शिकलो होतो. जो पैसा खर्च होऊन गेला आणि कोणत्याही मार्गाने परत येणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना मोजायचा नसतो. तिकिटाचे बाराशे रुपये पोर घरी राहिली तरी गेले, पोर आली तरी गेले. पुढे जो खर्च होणार होता तो मात्र टाळता आला असता. दवाखान्याचे चार हजार दोनशे, औषधे, आणि ताईंचे तीन दिवसांचे खाडे. बाराशे वाचवायला गेलो आणि त्याच्या चौपटीहून जास्त घालवून बसलो. पोरीच्या जिवाचा घोर लागला तो वेगळाच.

"पैसे वसूल झाले पाहिजेत" ही आपल्या कष्टकरी घरांतली सवय आहे. ती वाईट नाही, तिच्यावरच आपले संसार उभे आहेत. पण पार्कमध्ये हीच सवय घात करते. पैसे दिलेत म्हणून उपाशीपोटी सगळ्या राईड करायच्या. पैसे दिलेत म्हणून ओठ निळे पडेपर्यंत पाण्यातून बाहेर यायचे नाही. पैसे दिलेत म्हणून भर दुपारी सावलीत बसायचे नाही. आजार शिरतो तो याच दारातून. त्यामुळे पुढच्या सगळ्या सूचनांच्या आधी ही एक सूचना: तिकीट वसूल होते ते मूल हसत घरी परतले तर. राईड किती झाल्या यावर नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी

मुलांचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. यात काय विशेष, असे वाटेल. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये गोवराची साथ सुरू झाली आणि तिथून शंभराहून अधिक जणांना लागण पोहोचली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी लस घेतलेली नव्हती. गोवराचे विषाणू रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. मग रांगेत हजार माणसे एकमेकांना खेटून उभी असतील तिथे काय होईल? हे आपल्यापासून लांबचे नाही. २०२२ च्या अखेरीस आपल्या गोवंडीत गोवराने लहानग्यांचे बळी घेतले. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. एखादा राहिला असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. उद्या सहल आणि आज लस, असे मात्र करू नका. लसीचा प्रभाव दिसायला काही दिवस जावे लागतात.

दुसरे म्हणजे झोप. बस पहाटे सुटणार म्हणून पोरे रात्रभर जागतात आणि मोठी माणसे डबे करत बसतात. अर्धवट झोपेचे मूल लवकर दमते आणि लवकर ओकते. आदल्या रात्री नऊला दिवे बंद करा. डब्याची तयारी संध्याकाळीच उरका.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: निघायच्या दिवशी सकाळी मुलाला ताप, जुलाब, उलटी किंवा अंगावर पुरळ असेल तर त्याला नेऊ नका. गोळी देऊन ताप दाबला म्हणजे आजार गेला असे होत नाही. तो फक्त चार-सहा तास दिसेनासा होतो. आणि तेवढ्या वेळात आपण घरापासून कित्येक मैल लांब पोहोचलेलो असतो.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी

निम्म्या सहलीचा विचका बसमध्येच होतो. गाडी लागते म्हणजे काय? आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, "आपण हलतोय." डोळे मात्र बसच्या आतली स्थिर सीट किंवा हातातला मोबाईल पाहत असतात. ते सांगतात, "आपण हलत नाही." या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो.

उपायही त्यातूनच निघतो. अशा मुलाला पुढच्या बाजूला, खिडकीपाशी बसवा आणि लांबवर बाहेर बघायला सांगा. चालत्या गाडीत मोबाईल देऊ नका. उपाशी नेऊ नका, आणि वडापाव, भजी असे तेलकटही चारू नका. एखादी पोळी, केळे, थोडे पोहे पुरेत. आलेपाकाची वडी तोंडात ठेवली की कित्येकांना बरे वाटते. मळमळीची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. त्या गोळ्यांनी झोप येते आणि अगदी लहान मुलांना त्यातल्या काही चालत नाहीत. पार्कमधल्या गरगर फिरणाऱ्या राईडलाही हाच नियम लागू. जेवल्यावर तासभर तरी त्यात बसू नये.

ऊन: दिसत नाही, पण भोवते

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेली माणसे तासन्‌तास उन्हात बसली आणि त्यांतले दहाहून अधिक जण उष्माघाताने दगावले. पारा काही विदर्भासारखा पंचेचाळीसवर गेला नव्हता. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. ही बातमी आम्ही वाचली होती, त्यावर चर्चाही केली होती. आणि तरीही महिनाभराच्या आत आम्ही चव्वेचाळीस माणसांना दुपारच्या रांगेत उभे केले! वाचलेले आपल्याला लागू आहे असे माणसाला वाटत नाही, हेच खरे.

दिवसाची आखणी अशी करा. पार्क उघडताच आत जा आणि उघड्यावरच्या राईड सकाळी उरका. बारा ते साडेतीन या वेळेत सावली, जेवण किंवा छताखालचे खेळ. संध्याकाळी पुन्हा बाहेर. डोक्याला टोपी किंवा पंचा, अंगात सैल सुती कपडे. मूल "तहान लागली" म्हणेपर्यंत थांबू नका. खेळताना त्याला तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाजाच.

इथे एक गोष्ट माता-भगिनींसाठी. आपल्या बायका सहलीत पाणीच पीत नाहीत. संडासाची रांग मोठी, आत घाण, कडेवर लेकरू, म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. मग डोके धरते, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. घरातल्या पुरुषांनी दर दोन तासांनी लेकरू आपल्याकडे घ्यावे आणि बाईला निवांतपणे जाऊन येऊ द्यावे. एवढे केले तरी अर्धे काम होते.

एखाद्याचे अंग भाजल्यासारखे तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. लगेच १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत.

डबा, पाणी आणि बर्फाचा गोळा

बहुतेक पार्क बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. म्हणून बस पोहोचल्यावर, आत शिरण्यापूर्वी, सगळ्यांनी पोटभर न्याहारी करावी. डब्यात दशम्या, थालीपीठ, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असे कोरडे पदार्थ न्या. रात्रीचा भात, ओल्या नारळाची चटणी, मटणाचा रस्सा मात्र नको. शिजलेले अन्न कोमट राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात बसमध्ये ठेवलेला ओला डबा तासाभरानंतर भरवशाचा राहत नाही. भातातले काही जंतू तर असे विष तयार करतात की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. संध्याकाळी परतीच्या वाटेवर "उरलेले संपवून टाका" असे म्हणत सकाळचाच डबा फिरवला जातो. तो फिरवू नये.

आत विकत घ्यायचे असेल तर समोर तळलेले, वाफाळते गरम घ्या. कापून ठेवलेली फळे आणि उघड्यावरची चटणी टाळा. पाणी पार्कच्या फिल्टरचे किंवा सीलबंद बाटलीचे. गेटबाहेर मिळणाऱ्या गोळ्याचा आणि सरबताचा मोह पोरांना आवरत नाही, पण तो बर्फ कुठला हे आपल्याला ठाऊक नसते. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम आपल्या राज्यात २०१८ साली आला. म्हणून निळसर बर्फ दिसला तर तो पोटात घालायचा नव्हे, हे मुलांनाही शिकवा. पांढरा दिसला म्हणजे चांगलाच, असेही समजू नका.

आणि हात! राईडचा तोच दांडा दिवसभरात हजारो हात धरतात. मग त्याच हाताने पोर वेफर्स खाते. पाकिटातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हेच खरे औषध. साबणाची छोटी वडी डबीत घालून न्या.

पाण्यात उतरण्यापूर्वी

वॉटर पार्कच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, म्हणून ते पाणी निर्धोक असे आपण धरून चालतो. क्लोरीन बहुतेक जंतू मारते हे खरे. पण जुलाबाचे काही जंतू असे चिवट असतात की क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर जगतात. १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एका वॉटर पार्कमध्ये लहान मुलांच्या हौदातून जंतूंची लागण झाली. वीसहून अधिक मुले आजारी पडली आणि एक लेकरू दगावले. जुलाब लागलेले मूल पाण्यात उतरले तर काय होते, याचा हा दाखला.

आणखी एक गैरसमज. पाण्याला उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास आला की आपण म्हणतो, "बघा, भरपूर औषध घातलेय." प्रत्यक्षात तो वास क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळल्याने येतो. चांगल्या राखलेल्या पाण्याला असा वास जवळजवळ नसतो. तेव्हा उग्र वास आला, पाणी गढूळ दिसले, हौदाचा तळ दिसेना, तर तिथे मुलांना उतरवू नका.

आपण काय करायचे? पाण्यात जाण्यापूर्वी साबणाने अंघोळ. दर तासाला लहानांना बाहेर काढून लघवीला न्यायचे. पाणी तोंडात घेऊन फवारे उडवण्याचा खेळ बंद. पंधरा दिवसांत ज्याला जोराचे जुलाब झाले असतील त्याने काठावर बसायचे. अशाच वेळी आईबापाचा कस लागतो, कारण "पैसे दिलेत ना" हे वाक्य नेमके तिथेच ओठांवर येते. दुसऱ्याचे लेकरू आजारी पडू नये, ही आपलीही जबाबदारी आहे.

पोहण्याचे कपडे पार्कमध्ये भाड्याने मिळतात. शक्य असेल तर प्रत्येकाने आपापले न्यावेत. तिथे सुती कपडे चालत नाहीत, हे आधी विचारून घ्या. ओल्या, घट्ट आणि नीट न धुतलेल्या कपड्यांतून गजकर्ण, खरूज चिकटते. टॉवेलही ज्याचा त्याचा. एकाच टॉवेलने चार पोरांची तोंडे पुसली की चौघांचेही डोळे येतात. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ किती पसरली होती, ते आठवा. कानात पाणी गेले तर मान कलती करून ते गळू द्या आणि कान टॉवेलने बाहेरून पुसा. काडेपेटीची काडी किंवा केसांची पिन आत घालू नका. ओठ निळे पडले, दात वाजू लागले की लगेच बाहेर.

कुणी जपावे?

राईडच्या पाटीवर लिहिलेल्या सूचना आपण वाचत नाही. गरोदर बाई, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, फिट येणे, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी जोराच्या राईडमध्ये बसू नये. इतरांच्या चेष्टेला भुलू नये. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पिशवीत ठेवून ती पिशवी लॉकरमध्ये, आणि लॉकरची चावी भलत्याकडेच, असे आम्ही पाहिले आहे. गोळ्या अंगावरच्या खिशात ठेवा आणि वेळेवर घ्या. इन्सुलिन घेणाऱ्याजवळ साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच.

विदर्भाकडच्या वाचकांना एक खास विनंती. तिकडे आपल्या घरांमध्ये सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा मुलाच्या शरीरात पाणी कमी पडले, ते फार दमले किंवा एकदम थंड पाण्यात उतरले, तर अंग मोडून टाकणाऱ्या दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणून त्याला सहलीला नेऊच नये का? तसे नाही. आधी डॉक्टरांना विचारा, पाणी सतत पाजा, थंड पाण्याच्या हौदात उतरवू नका, मधून मधून विश्रांती द्या, आणि सोबत नेणाऱ्या कार्यकर्त्याला आजाराची कल्पना द्या. यात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात ती करून घ्यावी.

जुलाब लागलेच तर

एवढे करूनही त्रास झाला तर घाबरू नका. मूल जुलाबाने जाते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते परत भरले की बहुतेक मुले बरी होतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाताने रोग्यांना पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. तेच औषध आज ओआरएसच्या पाकिटात काही रुपयांत मिळते आणि सरकारी दवाखान्यात फुकट. २०२२ साली डॉक्टर वारले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायचे. अर्धे पाकीट, ग्लासभर पाणी असा अंदाजपंचे हिशेब नको. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चव घेऊन पाहा, डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. अंगावरचे दूध आणि नेहमीचे हलके जेवण चालू ठेवा.

दुकानात रंगीत खोक्यांत मिळणारी गोड पेये ओआरएस समजून घेऊ नका. त्यांत साखर फार असते आणि तिने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात "ओआरएस" हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या.

शौचात रक्त पडले, मूल सहा-आठ तास लघवीला गेले नाही, डोळे खोल गेले, पाणीही पोटात ठरत नाही किंवा मूल मलूल पडून हाकेला ओ देत नाही, तर घरगुती उपाय थांबवा आणि थेट दवाखाना गाठा. परतल्यानंतर तीन-चार दिवस मुलांवर लक्ष ठेवा. दोन आठवड्यांत ताप आणि पुरळ दिसले तर सहलीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आमचा नवा नियम

त्या सहलीनंतर आम्ही हिशेबाच्या वहीत एक नवीन पान उघडले. वर लिहिले, "सहल राखीव." आता सहलीला येणारा प्रत्येक जण माणशी तीस रुपये जास्त देतो. निघायच्या सकाळी एखादे मूल आजारी असेल तर त्याच्या आईबापाला तिकिटाचे पैसे या पानातून परत मिळतात, किंवा पुढच्या सहलीत त्या मुलाची जागा धरली जाते. बसमध्ये चढण्यापूर्वी आम्ही प्रत्येक आईला बाजूला घेऊन विचारतो, "ताई, लेकराला काही होतंय का? खरं सांगा, पैसे कुठे जात नाहीत." आता माणसे खरे सांगतात. पहिल्याच वर्षी दोन मुले घरी राहिली आणि दोघांनाही त्याच रात्री सणकून ताप भरला. पार्कमध्ये असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

त्या चौथीतल्या पोरीला आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा नेले, तिचे तिकीट राखीव पानातून काढून. बसमध्ये ती पुढच्या खिडकीपाशी बसली होती. दुपारी सगळे सावलीत जेवायला बसले तेव्हा तिने आमच्याकडे पाण्याची बाटली सरकवली आणि दटावून म्हणाली, "काका, तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलाच नाहीत." आम्ही निमूटपणे बाटली तोंडाला लावली.

वाचकहो, तुमच्या वस्तीत, चाळीत, मंडळात सहल निघणार असेल तर हे "राखीव" पान तुम्हीही उघडा. माणशी तीस रुपयांनी कुणी गरीब होत नाही.